पहिलीच कस्टम बाइक बनवायची आहे, सुरुवात कुठून करू? (नागपूर)

हिंगणा_टर्नर

नमस्कार सगळ्यांना. मी नागपूरचाच, हिंगणा एमआयडीसीत एका वर्कशॉपमध्ये लेथवर आहे, सहा वर्षं झाली. गाड्यांचं वेड लहानपणापासून आहे पण आतापर्यंत स्वतः केलं ते म्हणजे सर्व्हिसिंग, चेन-स्प्रॉकेट, क्लच प्लेट एवढंच. आता मनात पक्कं केलं की एक गाडी आपल्या हाताने बनवायची, स्क्रॅम्बलर टाइप, वर घेतलेला सायलेन्सर, रुंद हँडल, बटन टायर, सपाट छोटी सीट. कोणाला देऊन बनवून घ्यायची नाही, माझ्याच हातून झाली पाहिजे.

दोन गाड्या पाहून ठेवल्या आहेत. एक आरएक्स १००, कामठीकडे एका ओळखीच्याजवळ आहे, इंजिन चालू आहे, आवाज ऐकला तर अंगावर काटा येते. पण पेपर नाहीत. तो म्हणते पेपर कोण पाहते, दुसऱ्या गाडीचे लावून घे, अन् ३५ हजार सांगून राहिला. दुसरी २००७ ची स्प्लेंडर प्लस, मानेवाड्याच्या एका काकांची, एकाच मालकाच्या हातची, एमएच ३१, आरसी आहे पण पासिंग, म्हणजे आरटीओची नोंदणी, २०२२ मध्येच संपली आणि तेव्हापासून अंगणात उभी आहे, १२ हजार म्हणतात. खरं सांगतो, मन आरएक्सवर आहे.

बजेट सगळं मिळून ४० च्या आसपास, तेही एकदम नाही, महिन्याला तीन-चार हजार निघतात. जागा म्हणाल तर घरामागे टिनाचं शेड आहे १० बाय १२ चं, लाइट आहे. आधी काय कापायचं, ग्राइंडर कोणता घेऊ, आरटीओचं काय होते, आणि एवढ्या पैशात होईल का? ज्यांनी खरंच स्वतः बनवली आहे त्यांनी सांगा प्लीज.

ग्रीसचे_हात

आरएक्सचा विचार आजच सोड भाऊ. मी २२ वर्षांपासून गॅरेज चालवतो म्हणून सांगून रायलो. बिनपेपरची गाडी म्हणजे ती चोरीची हाये का भंगारातून उठवलेली हाये हे तुले कधीच समजणार नाई, अन् दुसऱ्या गाडीचे पेपर लावणं म्हणजे सरळ गुन्हा. चेसिस नंबर जुळला नाई तर गाडी ठाण्यात जमा, मंग तुही दोन वर्षांची मेहनत ठाण्याच्या आवारात पावसात सडून जाईन. मह्या डोळ्यासमोर एका पोट्ट्याची अशी गेली, इतकी सुंदर बनवली होती त्यानं, अजून आठवण आली का जीव जळते. दुसरं म्हणजे आरएक्स १९९६ मध्ये बंद झाली, ओरिजनल पार्ट आता शोधूनई सापडत नाई, जे भेटते ते डुप्लिकेट अन् भाव सोन्याचा. शिकायसाठी ती गाडी नाई.

स्प्लेंडर घे. ९७.२ सीसीचं साधं इंजिन हाये, कोणत्याई गावातल्या दुकानात पार्ट भेटते, चुकलं तरी पाचशे-हजारात चूक निस्तरते. पण घ्यायच्या आधी दोन गोष्टी. आरसीवरचा चेसिस नंबर अन् इंजिन नंबर गाडीवरच्या नंबरसंग अक्षर न् अक्षर जुळवून पाहजो, चेसिस नंबर हँडलच्या खाली पुढच्या पाइपवर असते, ग्रीस-मातीनं भरला असन तर डिझेलच्या कपड्यानं पुसून वाच. अन् पासिंग संपून इतके दिवस झाले तर उशिराचा दंड महिन्यामहिन्यानं चढत गेला असन, तो आकडा पयले ऑनलाइन काढ मंग १२ हजाराची गोष्ट कर. काकाले समजावून सांग का एवढा दंड हाये, भाव कमी करतीन.

आता कापायचं विचारलं तू. काहीच कापू नको. पयले गाडी जशी हाये तशी चालू कर. टाकीतलं जुनं पेट्रोल फेक, कारबोरेटर पूर्ण खोलून साफ कर, प्लग काढून त्या भोकातून चमचाभर ऑइल सोड अन् किक हातानं हळूहळू दाब, एकदम पायानं नको मारू, रिंगा चिकटल्या असतीन तर ब्लॉकवर ओरखडे पडतीन. ऑइल बदल, टॅपेट सेट कर, ब्रेक शू पाय, टायर फुटले असतीन तर बदल. मंग पासिंग झाली का ५०० किलोमीटर चालव, ऑफिसले जाय, रामटेकले जाऊन ये. हे काहून सांगतो, तर तुले समजलं पाहिजे का गाडीत काय आधीपासून बिघडलेलं होतं अन् काय तुह्या हातानं बिघडलं. हे न करता सरळ खोलून बसणाऱ्या पोरांच्या गाड्या मह्याकडे पोत्यात भरून येते, कोणता बोल्ट कुठचा त्यालेच माहीत नसते.

खिंडसी_वाली

वरच्या दादांनी सांगितलं ते सोन्यासारखं आहे. मी नेमकं उलटं केलं होतं म्हणून लिहितेय.

माझी २०११ ची पल्सर होती, मिहानमध्ये जॉब लागल्यावर पहिल्या दिवाळीच्या सुट्टीत ग्राइंडर आणला आणि पहिल्याच दिवशी मागची सबफ्रेम, म्हणजे सीटखालचा सांगाडा, कापली. इतका उत्साह होता की गाडी मोजलीसुद्धा नाही. मागे गोल लूप हवा होता, फोटोत दिसतो तसा, तो आमच्या भागात गेट-ग्रिल बनवणाऱ्याकडून आर्क वेल्डिंगने लावून घेतला, पाइपला पाइप टेकवून वरून टाका फिरवला बस्स. दिसायला मस्त. दोन महिन्यांनी खिंडसीहून परत येताना रामटेकच्या अलीकडे सीट एकदम मागे खाली बसली, उतरून पाहिलं तर उजव्या बाजूचा जोड पूर्ण तुटलेला आणि डावा अर्धा. मागे बहीण बसली होती. स्पीड कमी होता म्हणून दोघी वाचलो, नाहीतर मागच्या चाकावरच बसलो असतो. त्या दिवसानंतर मी वेल्डिंगबद्दल जे जे मिळेल ते वाचलं, विचारलं, आणि आता कोणी सबफ्रेम कापतो म्हटलं की मी आधी त्याला थांबवते.

चूक वेल्डरची कमी, माझी जास्त होती. फ्रेमचा पाइप पातळ असतो, गेटच्या सेटिंगवर करंट मारला की टाक्याच्या शेजारचा पाइप अजून पातळ आणि कडक होतो, मग रोजच्या हादऱ्याने तडा टाक्यावर जात नाही, टाक्याच्या बाजूला जातो. लूप लावायचाच असेल तर पाइपच्या आत घट्ट बसणारा गोल तुकडा टाकायचा, दोन्ही बाजूंना इंच-दीड इंच आत जाईल असा, बाहेरून पाइपला भोकं पाडून ती भोकं वेल्डने भरायची म्हणजे आतला तुकडा पकडला जातो, आणि मग जोडाभोवती आर्गन नाहीतर चांगल्या हाताचं सीओटू वेल्डिंग. तू लेथवर आहेस, तो आतला तुकडा तुझ्याइतका नेमका कोण काढणार! आणि शॉकअप जिथे वर अडकतात त्याच्या पुढे कधीच कापायचं नाही, शॉकअपच्या मागचाच भाग काय तो.

वेल्डिंगच्या आधी बॅटरीची वायर काढायची, सीडीआय (प्लगची ठिणगी सांभाळणारा इलेक्ट्रॉनिक डबा) काढून ठेवायचा. आणि टाकी गाडीवर ठेवून वेल्डिंग अजिबात नाही. रिकामी टाकी जास्त धोक्याची, आत पेट्रोलची वाफ असते, एक ठिणगी पुरते.

पण खरं सांगू का, तुला स्क्रॅम्बलर हवी आहे ना, त्यासाठी स्प्लेंडरची फ्रेम कापायची गरजच नाही. सीटचा बेस नवीन बनव, मागचा मडगार्ड छोटा लाव, कॅरियर काढ, हँडल बदल, टायर बदल, गाडीचं रूप तिथेच पालटतं. सगळं बोल्टने लागलेलं, बोल्टने निघणारं.

जुनी_आरसी

कायद्याचं मी सांगतो, कारण यावर लोक अर्धवट ऐकून बोलतात. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. गाडी बनवणाऱ्या कंपनीने दिलेला आणि आरसीत नोंदलेला तपशील बदलेल असा फेरफार मालकाला करता येत नाही. सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१९ मध्ये हेच पक्कं केलं. त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती होऊन १८२अ आलं, त्यात परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. प्रत्येक बदलामागे, हे लक्षात घ्या. इंजिन दुसरं टाकायचं तर आधी आरटीओची परवानगी. रंगही आरसीवर लिहिलेला असतो, बदलला तर नोंद करून घ्यावी लागते. म्हणजे काळी गाडी असेल तर काळीच ठेवा आणि पट्टे-नक्षी तुमच्या मनाची करा, हा माझा सल्ला.

साडीगार्ड सगळे पहिले काढून फेकतात. केंद्रीय मोटार वाहन नियमात नियम १२३ आहे, मागे बसणाऱ्यासाठी धरायला हँडल, पाय ठेवायला फुटरेस्ट, आणि मागच्या चाकाचा निदान अर्धा भाग झाकेल असं कपडे अडकू नयेत म्हणून कव्हर. हा नियम उगाच नाही, ओढणी नाहीतर पदर चाकात जाऊन काय होतं ते मी स्वतः पाहिलं आहे आणि पुन्हा पाहायचं नाही. साध्या पत्र्याचं, डिझाइनला शोभेल असं स्वतः बनवा पण ठेवा. इंडिकेटर, दोन्ही आरसे, मागचा लाल लाइट, हॉर्न, सगळं चालू पाहिजे. नंबर प्लेट, १ एप्रिल २०१९ च्या आधीच्या गाड्यांनाही आता एचएसआरपी (सरकारी सुरक्षा नंबर प्लेट) लागते, ती वाकवून किंवा चाकाच्या बाजूला आडवी लावायची फॅशन करू नका, तिला सरळ जागा मिळेल असा मडगार्ड आखा.

आणि क्रम महत्त्वाचा. आधी मूळ रूपात गाडी चालू करा, विमा आणि पीयूसी काढा, मग फॉर्म २५ भरून पासिंग पुन्हा पाच वर्षांसाठी करून घ्या, मग नावावर करा, फॉर्म २९ आणि ३०. काकांना सह्यांसाठी एकदा घेऊन जावं लागेल, आत्ता ते आहेत, पुढे शहर सोडून गेले तर त्यांच्यामागे हिंडावं लागतं. हे सगळं हातात आलं की मग पाना हातात घ्या. काढलेले मूळ पार्ट भंगारात देऊ नका, खोक्यात भरून ठेवा, पुढच्या पासिंगला लागतील. मोठे बदल विमा कंपनीला कळवलेले बरे, नाहीतर अपघातानंतर क्लेमला तिथेच अडकवतात.

हिंगणा_टर्नर

बापरे, इतकं सविस्तर कोणी सांगेल वाटलं नव्हतं, मनापासून थँक्यू. आरएक्सवाल्याला आज फोन करून नाही सांगितलं. वाईट वाटलं पण पटलं.

खिंडसी ताई, तुमचा किस्सा वाचून घरी वाचून दाखवला, आईनेच सांगितलं फ्रेम कापायची नाही. मग ठरलं, नाही कापत.

अजून विचारतो. एअर फिल्टरचा डबा काढून पॉड फिल्टर, म्हणजे उघडा छोटा फिल्टर, लावला तर बाजूचा भाग मोकळा दिसते, तो लुक मला फार आवडते, लावू का? अन् वर्कशॉपमध्ये सुट्टीच्या दिवशी मशीन वापरायची परवानगी आहे तर स्पेसर, बुश, हँडल रायझर, जमलं तर एक्सलसुद्धा मीच काढू म्हणतो. हेडलाइट एलईडी गोल टाकायचा आहे. रंग उन्हाळ्याच्या सुट्टीत करू का?

ग्रीसचे_हात

पॉड फिल्टर पाह्यला चांगला दिसते पण नागपूरच्या उन्हात ते इंजिन मारते. डबा काढला का हवा जास्त जाते, पेट्रोल तेवढंच रायते, मिक्स्चर पातळ होते. पातळ मिक्स्चर म्हणजे इंजिन तापलं. मे महिन्यात ४५ च्या वर पारा असते, एअर कूल्ड गाडी, सिग्नलवर उभी, मंग पिस्टन जाम होते अन् पोट्टे म्हणते कंपनीचं इंजिन खराब. लावायचाच तर कारबोरेटरचा मेन जेट (पेट्रोल सोडणारं भोक) एकेक नंबर मोठा टाकत जा, दरवेळेस चार-पाच किलोमीटर चांगली पळवून जागेवर बंद कर अन् प्लग काढून पाय. प्लगचं टोक कॉफीसारखं तपकिरी असन तर बरोबर, पांढरं असन तर पातळ, काळं काजळीचं असन तर जाड. अन् जोरात अॅक्सिलरेटर सोडल्यावर सायलेन्सरमध्ये फटफट वाजलं तरी पातळच समज. मी म्हणतो डबा राहू दे अन् त्याच्या बाजूनं छान पत्र्याची प्लेट बनव.

सायलेन्सर वर घेतानी एक गोष्ट कोणी सांगत नाई. स्प्लेंडरची किक उजवीकडे अन् सायलेन्सरई उजवीकडे. पाइप वाकवायच्या आधी किक पूर्ण फिरवून पाय, नाईतर पाइप सुंदर बसते अन् किक मारताच येत नाई. तो पाइप पायाजवळून जाईन तर त्यावर जाळीचं गार्ड पाहिजेच, पिंडरी भाजली का महिनाभर जात नाई.

एक्सल तू काढू नको. तुह्या हातावर भरोसा हाये मह्या, पण मटेरियलवर नाई. वर्कशॉपमध्ये पडलेला एमएसचा (साध्या नरम लोखंडाचा) रॉड घेशीन अन् त्याचा एक्सल करशीन, तो खड्ड्यात वाकते नाईतर आट्याजवळून तुटते. एक्सल, चिमट्याचा (मागचं चाक धरते त्याचा) बोल्ट, ब्रेकची रॉड, हे कंपनीचंच. स्पेसर, बुश, रायझर, फुटरेस्टचे ब्रॅकेट बिनधास्त कर. पण चाकाच्या आतला स्पेसर, दोन बेअरिंगच्या मधातला, तो बदलायची पाळी आली तर लांबी जुन्याएवढीच पाहिजे. एक्सलचा नट कसला का सगळा दाब त्याच्यावर येते, तो आखूड झाला तर बेअरिंग आडव्या दाबानं दोन महिन्यात आवाज करते. तुले तर हे मह्यापेक्षा चांगलं समजन.

खिंडसी_वाली

लाइटचं सांगते. जुन्या स्प्लेंडरचा हेडलाइट बॅटरीवर नाही, सरळ मॅग्नेटच्या (इंजिनवरच्या वीज बनवणाऱ्या चाकाच्या) एसी करंटवर चालतो, म्हणून गाडी न्यूट्रलला हळू असली की लाइट मंद होतो, तुम्ही सगळ्यांनी पाहिलंच असेल. त्याच वायरला एलईडी जोडला तर लपलप करेल आणि लवकर जाईल. डीसी करायचं तर चार्जिंगचं काम चांगल्या इलेक्ट्रिशियनकडून बदलून घ्यावं लागतं. पहिल्या गाडीला साधा हॅलोजन ठेव, काच गोल बदल, काम झालं. वायरिंग किट कापून छोटी करायची घाई नको, जास्तीची वायर सीटखाली गुंडाळून ठेव. आणि खोलायच्या आधी मोबाइलने प्रत्येक जोडाचे फोटो, प्रत्येक बोल्ट वेगळ्या पाउचमध्ये, वर मार्करने नाव. मी तर पुठ्ठ्यावर इंजिन कव्हरचं चित्र काढून त्याच जागी बोल्ट खोचले होते, कारण त्या बोल्टांची लांबी वेगवेगळी असते.

रुंद हँडल लावलं की क्लच आणि अॅक्सिलरेटरची केबल कमी पडते. बसवल्यावर गाडी चालू ठेवून हँडल पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे वळव. वळवताना रेस आपोआप वाढली तर केबल ताणली जातेय, तशी रस्त्यावर काढायची नाही. पंचशील चौकात यू-टर्न घेताना गाडी स्वतःहून पळाली तर काय होईल विचार कर.

इतवारीचा_पेंटर

रंग मे महिन्यात करू नका. दुपारी मारला तर रंग हवेतच सुकतो आणि टाकीवर खरबरीत बसतो, आम्ही त्याला संत्र्याची सालच म्हणतो. पावसाळ्यात हवेत ओल असते, रंगावर पांढुरकी झाक येते. आपल्याकडे दिवाळी ते होळी हा रंगाचा खरा हंगाम. उन्हाळ्यातच करायचा तर सकाळी सहा-सात वाजता, खाली पाणी मारून धूळ बसवून.

टाकी इतकी वर्षं उभी म्हणजे आत गंज असणार. आतला गंज आधी काढा मग बाहेरचा रंग, उलटं केलं तर गंज काढायचं केमिकल सांडून सगळी मेहनत वाया जाते. लांबी, म्हणजे पोचे भरायची पुट्टी, जितकी कमी तितकं चांगलं, पोचे डेंटरकडून ठोकून काढा, जाड लांबी दोन उन्हाळ्यांत तडकते.

फ्रेमला सँडब्लास्टिंग आणि पावडर कोटिंग करणार असाल तर चेसिस नंबरवर आधी टेप लावायला स्वतः उभे राहा. त्या माणसाला रोज शंभर पाइप मारायचे असतात, त्याचं लक्ष राहत नाही. ब्लास्टिंगने आकडे झिजले आणि वरून जाड पावडर बसली की नंबर वाचता येत नाही, मग पासिंगला तुम्ही कितीही सांगा, समोरच्याला तो नंबर खोडलेलाच दिसतो. माझ्याकडे अशी फ्रेम आली होती, तो मुलगा रडकुंडीला आला होता.

हिंगणा_टर्नर

हे तर मला सुचलंच नसतं कधी. आता असं ठरवलं, या रविवारी काकांकडे जातो, नंबर जुळवतो, दंडाचा आकडा काढून भाव करतो. उन्हाळा गाडी चालू करण्यात आणि पासिंगमध्ये जाईल, पावसाळ्यात शेडमध्ये सीट, मडगार्ड, ब्रॅकेट, अन् दिवाळीनंतर रंग. टायर सगळ्यात शेवटी घेतो म्हणजे पैसे जमतात. मागे ३.०० बाय १८ बटन टायर बसेल ना?

दादा, मॅग्नेट काढायचं पुलर बाजारात दोन-तीन प्रकारचं दिसते, स्प्लेंडरला कोणतं लागते?

ग्रीसचे_हात

२.७५ च्या जागी ३.०० बसते, त्याच्यावर नको जाऊ, चेनले घासते.

पुलर विकत नको घेऊ, वर्षातून एकदा लागते. मह्याकडचं घेऊन जाय, काम झालं का आणून देजो. अन् मॅग्नेट हातोडीनं ठोकून काढायचा नाई, आतले चुंबक फुटते. रविवारी काकाकडे जाशीन तर किक आधी हातानं दाबून पाय, मोकळी हाये का गच्च, अन् तेवढं मले इथं लिहून कळव, त्यावरून सांगतो ब्लॉक खोलायचा का नाई.